वितळत नाही ते

जुन्या बाजारात वस्तू हातात आली की मी आधी ती उलटी करते. वरून सगळ्याच गोड दिसतात, खरं काय ते बुडाशी कळतं. डाक लावलेला असतो, पोचे काढलेले असतात, कधी गंजून पार चाळण झालेली असते. ती चाळण झालेली वस्तू बाकीचे गिऱ्हाईक खाली ठेवतात आणि मी उचलते. कुंडीला भोक लागतंच, ते आयतं मिळालं तर बरंच.

लहान अंगणं लावून देणं हा माझा उद्योग. तळमजल्यावरच्या फ्लॅटमागची पट्टी, बैठ्या घराचं पुढचं अंगण, कधी नुसती दोन भिंतींमधली बोळ. दहा बाय बारा फूट मिळाले तर मी ऐसपैस म्हणते. लोक मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतात: तांब्याचं घंगाळ, त्यात तरंगणारी फुलं, शेजारी नक्षीचा खांब. मग हळूच सांगतात, पाच हजारांत बसवा. माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं. तांबं-पितळ विसरा.

कारण साधं आहे. पुण्यात रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो, तिथे पितळेच्या हंड्याला हात लावला की विक्रेता काट्याकडे बघतो. “ताई, वजनावर लागेल.” हंडा किती जुना, कुणाच्या घरातला, याच्याशी त्याला घेणं नसतं. उद्या तो भट्टीत गेला तरी धातूचे पैसे सुटणारच आहेत, त्याखाली तो उतरणार नाही. लोखंडाचंही तेच, फक्त भाव कमी. याउलट झाकण हरवलेली चिनी मातीची बरणी, कोपरा उडालेली शहाबादी फरशी, झिजलेला पाटा, सिमेंटची जाळी, मंगलोरी कौलं यांना भट्टी घेत नाही. गिऱ्हाईक आलं नाही तर ती नुसती जागा अडवतात. म्हणून घासाघीस करायची ती इथे. वितळत नाही ते स्वस्त, एवढ्या एका हिशेबावर माझा धंदा चालतो.

आणि गंमत अशी की बागेला मानवतं तेही हेच. भाजलेली माती आणि दगड पाणी धरून ठेवतात, सावकाश सोडतात. एक पावसाळा गेला की कौलावर शेवाळ चढतं, फटीत नेचा उगवतो. पितळेला मात्र दर सणाला चिंच लावून घासत बसायचं.

कौलं ही माझी सगळ्यात आवडती खरेदी. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं कोकणातल्या, घाटावरच्या घरांवर चढली. पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. कधी 1865 हे सालही दिसतं. मग विक्रेता दीडशे वर्षांचं कौल म्हणून भाव सांगतो. ते साल कारखान्याच्या स्थापनेचं असतं, त्या कौलाच्या जन्माचं नव्हे, हे मी त्याला हसत सांगते. तोही हसतो, भाव मात्र लगेच उतरवत नाही. वाफ्याच्या कडेला कौलं उभी रोवायची, एक तृतीयांश मातीत आणि नाव बाहेरच्या बाजूला. फुटकं असेल तर फुटकी बाजू खाली. मागच्या मातीत ऑफिस टाइम किंवा पानओवा लावला की दोन महिन्यांत कड झाकली जाते आणि मधून मधून एखादं अक्षर डोकावतं.

एकाच वस्तूची ओळ हवी, हा माझा हट्ट आहे. चंदीगडच्या नेकचंद यांनी 1957 पासून गुपचूप रचलेली रॉक गार्डन लोकांना आठवते ती भंगारातली कलाकारी म्हणून. रस्ते-निरीक्षकाची नोकरी सांभाळून, नवं शहर वसवताना पाडलेल्या गावांचा राडारोडा त्यांनी गोळा केला. पण तिथे बघण्यासारखी गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती. फुटक्या बांगड्यांच्या बायका एकीमागे एक, रांगाच्या रांगा. एकच बाई असती तर तो कचराच वाटला असता. आपल्या दहा बाय बारामध्ये चहाची किटली, सायकलचं चाक, कंदील, बूट आणि टायर कापून केलेला पोपट असं एकेक ठेवलं, की भंगारवाल्याचा गाडाच दारात उभा राहतो. (टायरचा पोपट मला एरवीही बघवत नाही.)

जात्याचं प्रकरण वेगळं. वरच्या दगडाला मधोमध आरपार भोक, त्यामुळे पायवाटेत बसवायला तो उत्तम: पाणी साचत नाही, भोकातून गवताचा झुबका येतो. कागदावर सगळं बरोबर होतं. पण ज्यांचं अंगण होतं त्या काकू म्हणाल्या, “अगं, जात्यावर पाय द्यायचा? माझ्या सासूबाई पहिली मूठ टाकायच्या आधी त्याला नमस्कार करायच्या.” मी वाद घातला नाही. जातं भिंतीला टेकवून उभं केलं आणि पायवाटेला शहाबादीचे तुकडे टाकले. वस्तू जुनी असते तेव्हा तिचे काही मानपान शिल्लक असतात. ते गिऱ्हाइकाकडून विचारून घ्यावेत.

उखळात पक्ष्यांसाठी पाणी ठेवायची कल्पना सगळ्यांना आवडते, आणि तिथेच मी कडक होते. डेंग्यूचा डास अंड्यातून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो. तेव्हा आठवड्यातून एकदा उखळ रिकामं व्हायलाच हवं. नुसतं ओतून चालत नाही. अंडी पाण्याच्या रेषेलगत दगडाला चिकटतात आणि कोरडी होऊनही काही महिने तग धरतात, म्हणून काथ्याने आतून खसाखसा घासायचं. दगडाचं उखळ उपडं करायला दोन माणसं लागतात. ती घरात नसतील तर पसरट मातीचं भांडं घ्या. बरणीलाही हाच नियम. झिलईतून भोक पाडताना ती तडकते, म्हणून मी पाडत नाही. साधी प्लास्टिकची कुंडी आत उतरवते आणि तळाशी साचलेलं पाणी दर आठवड्याला ओतून टाकायला सांगते.

जुन्या लाकडी झडपा मात्र मी भाजीच्या वाफ्यापाशी लावत नाही. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या, पोपडे सुटलेल्या हिरव्या रंगात काय असेल ते मी मेथीत जाऊ देणार नाही. कोरडा पॉलिशपेपर मारून धूळ उडवणं तर अजिबात नको. मनीप्लांटमागे भिंतीवर उंच लावा, खुशाल.

खर्च खरा होतो तो माती, शेणखत आणि टेंपोवर. मागच्या अंगणाला पंचवीस कौलं जेवढ्याला पडली, त्याहून जास्त टेंपोवाल्याने घेतले, आणि त्याची काही चूक नव्हती.

आता बाजारही शहाणा झालाय. कॅफेवाले येऊन बरण्या डझनाने उचलतात, त्यामुळे परवापर्यंत पावणेदोनशेला मिळणाऱ्या बिनझाकणाच्या बरणीला ‘गार्डन पीस’ असं नाव पडलंय आणि भाव दुप्पट. म्हणून हल्ली मी पेठांमधून फिरते. कुठे वाड्यावर हिरवं कापड लागलं की मुकादमाला गाठायचं, जेसीबी यायच्या आधी. सागवान, गज, नळ यांचे सौदे केव्हाच झालेले असतात. त्यात मी पडत नाही. मी विटा विचारते. चुन्यात बांधलेल्या भिंतीची वीट दोन टिचक्यांत सुटून येते, सिमेंटमधली सोडवायला गेलं की वीटच फुटते. मुकादम म्हणतो, “न्या की, तेवढाच आमचा राडारोडा कमी.” आणि मी दुसऱ्या दिवशी पोती घेऊन पोचले, की शेकड्याचा भाव सांगतो.