खंदकातलं पाणी

आम्ही लातूरचे, मुलांचं आजोळ नांदेड. वर्षातून तीन-चार खेपा होतातच. आता प्रत्येक खेपेला वाट थोडी वाकडी करून आम्ही कंधारच्या किल्ल्यापाशी थांबतो.

किल्ल्याभोवती खंदक आहे. मुलं दरवेळी एकाच जागी उभी राहून पाण्यावर दगडांचे किती थर दिसतात ते मोजतात आणि वहीत लिहितात. शेजारी वाटेत दिसलेल्या गोष्टी: मार्चमध्ये पळसाची फुलं, जूनमध्ये मखमली मृगकिडे, ऑक्टोबरमध्ये सीताफळांच्या टोपल्या.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. जूनमध्ये रमजान लागला, तेव्हा आम्ही एका लोट्यात वुजू करत होतो. थोरल्याला ते आठवतं. धाकटीसाठी पाणी म्हणजे नळ.

हिजरी महिने दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतात. २०१६ मध्ये जूनला सुरू झालेला रमजान २०२५ मध्ये मार्चला सुरू झाला. म्हणजे ऋतू ओळखायचे तर बाहेर पडून पाहायलाच हवं. मृत जमिनीला जिवंत करणाऱ्या पावसाकडे पाहा, असं कुरआन वारंवार सांगतो. मुलांची वही ही त्याचीच छोटीशी सुरुवात.

मागच्या खेपेला खंदक पाहून धाकटीनं विचारलं, "अब्बू, हे उन्हाळ्यापर्यंत पुरेल?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री इशाच्या वुजूला तिनंच नळ बारीक केला.