जीपला आणखी दोन चाकं?

सहा चाकांच्या जीपचे व्हिडिओ घरातल्या पोरांनी पाहिले नाहीत, असं घर आता बऱ्हाणपुरातही सापडायचं नाही. मर्सिडीजची ती जी ६३ सिक्स बाय सिक्स वाळूची टेकडी अशी चढते, जणू घरचा जिना. मग माझ्या भाच्यासारखा एखादा विचारतो, "मामा, आपल्या जुन्या जीपला मागे अजून एक एक्सल टाकला तर? पावसात केळी बाहेर काढायची कटकटच संपेल!"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तापीकाठची काळी जमीन भिजली की शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे तीन-चारशे मीटर सगळ्यात महाग पडतात. कापलेला घड वाट पाहत नाही. व्यापाऱ्याचा ट्रक रस्त्यावर उभा, मजूर खोळंबलेले आणि गाडी चिखलात रुतलेली, हे ज्यांच्याकडे केळी आहे त्यांना सांगायला नको. शिवाय भाच्याची नजर ज्या पैशांवर होती, ते ताईने पुढच्या मृगबागेच्या टिश्यू कल्चर रोपांसाठी बाजूला ठेवले होते. म्हणून एका रविवारी आम्ही दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

भाच्याचा हिशेब सरळ होता. भरलेली जीप अडीच टनांची धरली तर चार चाकांवर प्रत्येकी सव्वासहाशे किलो. नव्या एक्सलचे अडीचशे किलो वाढले तरी सहा चाकांवर प्रत्येकी साडेचारशेच्या आसपास. मग गाडी कमी रुतणार! पण टायर जमिनीवर जो दाब देतो, तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. हवा तेवढीच ठेवली तर दोन चाकं वाढवूनही तो दाब फारसा उतरत नाही. फायदा घ्यायचा तर हवा कमी करावी लागते, आणि ती चार चाकांतही करता येते. ३२ची हवा १८वर आणली की टायरचा जमिनीवर टेकणारा भाग जवळपास पावणेदोनपट होतो. खर्च शून्य. फक्त अशा टायरवर गाडी सावकाश चालवायची, ओझं आवरतं घ्यायचं आणि डांबरी रस्ता लागण्याआधी हवा पुन्हा भरायची. नाहीतर टायर तापून फुटतो.

दुसरी गोष्ट त्याला जास्त लागली. गाडी ओढण्याचं बळ फिरवल्या जाणाऱ्या चाकांवरच्या वजनातून येतं. तिसरा एक्सल नुसताच मागे फरफटत येणारा असेल, तर तो पुढच्या एक्सलवरचं वजन स्वतःकडे घेतो. म्हणजे चिखलात चाक आणखी गरगरणार. त्यालाही ताकद द्यायची तर मधल्या डिफरेंशियलमधून शाफ्ट आरपार मागे जायला हवा. साध्या जीपच्या एक्सलला तशी सोयच नसते. वर दोन्ही मागच्या एक्सलना वजन वाटून देणारी स्प्रिंगची रचना हवी. ती नसेल तर बांध ओलांडताना मधलं चाक सगळा भार घेतं आणि मागचं हवेत लोंबकळतं. आणि वळणावर? दोन समांतर एक्सल एकाच बिंदूभोवती नीट फिरूच शकत नाहीत, टायर घासत जातात. चेसिस लांबल्यामुळे वळायला जागाही जास्त लागते. केळीच्या दोन ओळींमध्ये ती आणायची कुठून? भाच्याला हीच गाडी असीरगडाकडे, सातपुड्याच्या घाटातही न्यायची होती!

मग व्हिडिओतली गाडी कशी चालते? कारण तिची सुरुवात हौसेतून झालेली नाही. ऑस्ट्रेलियन सैन्याला ओझं वाहायला सहा चाकांची जी-वॅगन हवी होती, तिच्यावरून पुढे ही गाडी आली. वजन पावणेचार टनांच्या घरात, ताकद ५४४ हॉर्सपॉवर, पाच डिफरेंशियल लॉक, आणि टायरमधली हवा बसल्या जागेवरून कमी-जास्त करायची सोय. म्हणजे हवेची युक्ती तिथेही आहेच! आपल्या लष्कराकडेही सहाही चाकांना ताकद देणारे अशोक लेलँडचे ट्रक आहेत. पण ते कारखान्यातूनच तसे येतात. इंजिन, ब्रेक, चेसिस सगळं त्या वजनाच्या मापाचं.

गॅरेजमधल्या वेल्डिंगने लांबवलेल्या चेसिसवर घडांच्या ढिगाऱ्यावर बसलेले चार मजूर आणि जुनेच ब्रेक, हे चित्र मला सहन होईना. कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

भाचा गप्प बसला, पण नाराज नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने हवा मोजायचं मीटर आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणला. या पावसाळ्यात जीप दोनदा रुतली; त्यातल्या एकदा हवा काढून बाहेर आली, एकदा ट्रॅक्टरच बोलवावा लागला. आता तो मागच्या बाजूला जवळजवळ दोन एक्सल असलेल्या ट्रॉलीची चित्रं काढतो. ओझ्यासाठी ती कल्पना मला जीपपेक्षा बरी वाटते. ताई म्हणते, "आधी रोपं लावून होऊ देत."