प्रभूची इच्छा असल्यास

२०२० च्या फेब्रुवारीत आमच्या मुलीची लग्नपत्रिका छापायला द्यायची होती. तारीख ठरली होती २५ एप्रिल. उपवासकाळ संपलेला, ईस्टरही होऊन गेलेला, म्हणजे सर्व काही रीतसर. मजकूर दादांना, म्हणजे आमच्या वडिलांना, दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि तारखेच्या आधी पेन्सिलीने तीन शब्द लिहिले : 'प्रभूची इच्छा असल्यास'.

दादांच्या पिढीची ती सवयच होती. 'शनिवारी येतो' असे त्यांनी पोस्टकार्डावर कधी नुसते लिहिले नाही. ते तीन शब्द आधी येत, मग शनिवार. सवयीचे मूळ याकोबाच्या पत्रात, चौथ्या अध्यायात आहे. अमक्या नगरात जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू, नफा मिळवू, असे बेत आखणाऱ्यांना याकोब विचारतो की उद्या काय होणार हे तरी तुम्हांला ठाऊक आहे का? आयुष्याला तो वाफेची उपमा देतो आणि बेत बोलताना प्रभूच्या इच्छेची अट घालायला सांगतो.

आम्ही ते शब्द काढून टाकले. लग्नाच्या पत्रिकेत 'असल्यास' वाचून पाहुणे काय म्हणतील? ख्रिस्ती माणसाने अपशकुनाची भाषा करू नये हे आम्हांला कळत होते, तरीही मनात आली ती तीच भाषा. दादा एवढेच म्हणाले, "तुमची पत्रिका, तुम्ही ठरवा."

२५ मार्चला देश बंद झाला. आधी एकवीस दिवस, मग ३ मेपर्यंत, मग आणखी पुढे. त्या वर्षीचा ईस्टर आम्ही घरातच, मोबाईलच्या पडद्यासमोर बसून साजरा केला. वाटायच्या राहिलेल्या पत्रिकांचा गठ्ठा कपाटात गेला. ते तीन शब्द छापले असते तर टाळेबंदी टळली असती असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. पण एक प्रश्न तेव्हापासून मनात घर करून आहे : आम्ही खोडले ते नेमके काय होते?

उद्याविषयीचे बायबलचे म्हणणे आपण फार सोपे करून घेतो. डोंगरावरील प्रवचनात येशू उद्याची चिंता करू नका असे शिकवतो. त्यावरून कोणी विमा नाकारतो, कोणी औषध. पण चिंता आणि चिंतन हे शब्द एका धातूचे असले तरी एका अर्थाचे नाहीत. मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळाच्या सात वर्षांसाठी धान्य साठवले, आणि त्याला कोणी अविश्वासू म्हटले नाही. रानात इस्राएलांना मान्ना मिळे तो त्या दिवसापुरता. उरवून ठेवला तर त्यात किडे पडत. तरी शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची आज्ञा होती, आणि तो मात्र नासत नसे. साठवण मुळातच निषिद्ध असती तर हा अपवाद कशाला? लूकच्या शुभवर्तमानातला धनवान शेतकरी मूर्ख ठरतो तो कोठारे बांधायला निघाला म्हणून नव्हे. त्याच्या सगळ्या बोलण्यात 'माझे' याखेरीज काही नाही, आणि सल्लामसलत करायला त्याला स्वतःच्या जिवावाचून कोणी सापडत नाही.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण येते. १८७४ साली दुष्काळाने त्यांचे आईवडील नेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. उद्याचा भरवसा नसतो हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तरीही त्यांनी केडगावला मुक्तिसदन उभारले, शेकडो निराधार स्त्रिया आणि मुली सांभाळल्या, हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. पुढचे काम कन्या मनोरमा सांभाळील असे त्यांनी योजले होते. मनोरमाबाई १९२१ च्या जुलैत गेल्या, आणि नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई स्वतः. योजना मोडली, काम मोडले नाही. केडगावचे ते काम आजही चालू आहे. उद्या हाती नाही हे पुरते ओळखूनही उद्यासाठी राबता येते, हे त्या आयुष्याकडे पाहून पटते.

तरीही एक अवघड जागा उरतेच. उद्याची चिंता करू नका म्हणणारा येशू स्वतः गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला. उद्याचा प्याला आपल्यापुढून टळावा अशी त्याने विनवणी केली, आणि मगच पित्याच्या इच्छेवर सोपवले. हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो. आधी आपली इच्छा उघडपणे मागायची, मग ती मूठ सैल करायची. 'प्रभूची इच्छा असल्यास' हे आम्हांला नशिबाला शरण जाणे वाटले होते, किंवा फार तर म्हाताऱ्या माणसाची सावध सवय. त्यात एक मागणेही होते, हे आम्हांला दिसले नाही. दादांना ते लग्न पाहायचे होते.

ऑगस्टमध्ये दादा गेले. साथीने नव्हे, हृदयविकाराने, झोपेत. कबरस्तानात आम्ही मोजकी माणसे होतो. पाळकांनी उपासना लवकर आटोपली. त्या दिवसांत तसेच करावे लागे. लग्न पुढच्या जानेवारीत झाले. नव्या पत्रिका छापल्या नाहीत, फोनवरूनच कळवले. कळवताना ते तीन शब्द आमच्या तोंडून आपोआप निघत. पलीकडच्या कोणालाही त्यात अपशकुन वाटला नाही.

नंतर दादांची खोली आवरताना त्या जुन्या पत्रिका सापडल्या. कागद वाया जाऊ नये म्हणून ते त्यांच्या कोऱ्या पाठीवर याद्या करीत. सर्वांत वरच्या पत्रिकेवर त्यांच्या अक्षरात शीर्षक होते 'उद्या', आणि खाली : रक्तदाबाच्या गोळ्या, वीजबिल, कोथिंबिरीचे बी. त्या यादीत अट कुठेच नव्हती. बहुधा ती वेगळी लिहावी लागत नसावी.

बी आम्ही आणून परसात पेरले. निम्मे उगवले.