दोन वितींची होडी

आमच्या पडवीत सध्या एक होडी आकार घेते आहे. लांबी अवघी दोन वीत. शीड नाही, डोलकाठी नाही, नुसते धड. आबा होड्या बांधणारे सुतार. पण बंदरावर आता फायबरच्या होड्या आल्या आणि त्यांची हत्यारे पेटीतच राहू लागली. म्हणून मीच म्हटले, "लहानशी तरी मला शिकवा."

आधी सागाचा कणा, पुढे नाळ, मग फासळ्या. वर चढवायच्या पट्ट्या सरळ असतात. होडी मात्र कुठेच सरळ नसते. पट्टी कढत पाण्यात भिजवायची, ओली असतानाच वाकवून बांधून ठेवायची, वाळली की बसवायची. डावीकडे एक बसली की लगेच उजवीकडे एक. एकच बाजू भरत गेले तर कणा तिकडे ओढला जातो आणि होडी जन्माची वाकडी होते.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले, १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. हे मी आबांना सांगितले. ते म्हणाले, "लाकूड चांगलं असणार. नि हात."

आबांची विद्या कुणी लिहून ठेवलेली नाही. मी ती वहीच्या मागच्या पानांवर उतरवतो आहे. मापे लिहून होतात. पट्टी किती वाकेल आणि केव्हा मोडेल, एवढे मात्र लिहिता येत नाही. त्यासाठी रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसावे लागते.