फोरट्रान, सी, पायथन आणि बुटीबोरीचा पाऊस

"सगळ्यात फास्ट भाषा कोणती?" हा प्रश्न प्रोग्रामर मंडळींत म्हणजे "नागपुरात सावजी कुठला चांगला?" याच्या तोडीचा. वाद रात्रभर चालतो, निकाल लागत नाही. प्रश्नच अर्धवट आहे, असं आपलं माझं मत.

नेहमीचं उदाहरण घेऊ. हजार बाय हजारचे दोन मॅट्रिक्स गुणायचे. म्हणजे शंभर कोटी गुणाकार आणि जवळजवळ तेवढ्याच बेरजा. साध्या पायथनमध्ये एकात एक तीन लूप लिहिले, तर तोवर चहा ठेवून, पिऊन होतो. तेच लूप सी किंवा फोरट्रानमध्ये काही सेकंदांचं काम. झालं, पायथन हरला! पण थांबा... त्याच पायथनमधून नमपायला एका ओळीत हा गुणाकार सांगा, तो सी-तल्या आपल्या साध्या लूपला मागे टाकतो. कारण नमपाय हे काम ओपनब्लाससारख्या लायब्ररीकडे सोपवतो, आणि तिचा गाभा सी आणि असेंब्लीत, प्रोसेसर ओळखून लिहिलेला असतो. म्हणजे शर्यत नुसती भाषांची नव्हतीच.

मग कशाची? आमच्या बुटीबोरीकडे कापूस वेचताना बघा. वेचणारी बाई एक ओळ धरते आणि धुऱ्यापर्यंत जाते. प्रत्येक झाडाला ओळ बदलली तर दिवस चालण्यातच जाईल. मेमरीचंही तसंच. प्रोसेसर एक आकडा मागतो तेव्हा शेजारचेही सोबत येतात. साधारण ६४ बाइट एका खेपेला, म्हणजे ८ 'डबल' आकडे. सी मॅट्रिक्स आडव्या ओळींनी ठेवते, फोरट्रान उभ्या रकान्यांनी. सी-साठी जुळवलेले लूप जसेच्या तसे फोरट्रानमध्ये उतरवले, की बिचारा या ओळीतून त्या ओळीत उड्या मारत बसतो. आणि आपण म्हणतो, १९५७ची जुनाट भाषा!

कंपायलरची गंमत आणखी वेगळी. ऑप्टिमायझेशन बंद ठेवून केलेल्या तुलनेला काही अर्थ नाही. शिवाय फोरट्रानच्या कंपायलरला एक सवलत असते. सबरूटीनला दिलेले ॲरे मेमरीत एकमेकांवर चढलेले नाहीत, असं धरून तो बिनधास्त कामं पुढेमागे करतो. सी-ला अशी हमी देणारा 'रिस्ट्रिक्ट' शब्द १९९९च्या स्टँडर्डमध्ये आला. आणि 'फास्ट-मॅथ' लावलं तर कंपायलर बेरजांचा क्रमसुद्धा बदलतो. शाळेच्या गणितात त्याने काही बिघडत नाही. पण कॉम्प्युटर दर पायरीला आकडा गोल करतो, त्यामुळे उत्तराचे शेवटचे अंक बदलू शकतात. नुसता वेग बघून चालत नाही तो इथे.

आता म्हणाल, एवढा काथ्याकूट कशासाठी? तर पावसासाठी.

हवामानाची बहुतेक मोठी मॉडेल्स आजही फोरट्रानमध्ये आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सप्टेंबर २०२४मध्ये 'अर्का' हा ११.७७ पेटाफ्लॉपचा सुपरकॉम्प्युटर सुरू झाला. मे २०२५मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टीम' आली, आणि अंदाजाची जाळी १२ किलोमीटरवरून ६वर आली. म्हणजे नागपूर आणि बुटीबोरीच्या मध्ये आधी दोन-अडीच घरं होती, आता चार-पाच. पण जाळीची वीण निम्मी केली की घरं चौपट होतात, आणि वेळेची पावलंही साधारण निम्मी करावी लागतात. काम आठपट! आठपट काम, आणि उत्तर मात्र पावसाच्या आधीच हवं.

लुईस फ्राय रिचर्डसनने १९२२च्या पुस्तकात अशा अंदाजाचं गणित मांडलं होतं. सहा तासांच्या हवामानासाठी हाताने आकडेमोड करायला सहा आठवडे लागले, आणि उत्तरही साफ चुकलं.

आमचे मामा ऐकतील तर म्हणतील, "काऊन बापा, उद्याचा पाऊस सांगाले परवा उजाडते काय तुया कॉम्प्युटरले?" थट्टाच, पण मुद्दा नेमका. जूनमध्ये सोयाबीनचं बियाणं घरात आणून आभाळाकडे बघत बसलेल्या माणसाला भाषेशी देणंघेणं नाही. त्याला उत्तर वेळेवर हवं आणि बरोबर हवं. एका जरी बाबतीत गडबड झाली, तर दुबार पेरणी.

असो. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी भाषांच्या वेगाचा तक्ता पाठवला, की आधी विचारा: कंपायलर कुठला, सेटिंग काय, लूपचा क्रम कसा? आणि हो, उत्तर ताडून पाहिलंत का?