पाकीट उलटून बघणाऱ्या आया



'फास्ट फूड : शाप की वरदान' हा निबंध मी दरवर्षी चौथीच्या वर्गाला लिहायला देते. तुम्हीही देत असाल. मुलं काय लिहितात ते आपल्याला पाठ आहे. जंक फूड आरोग्यास हानिकारक आहे, बाहेरचे खाऊ नये, आईच्या हातचे खावे. शेवटी एक घोषवाक्य. आपण लाल पेनने 'छान' लिहितो आणि पुढची वही घेतो.

मागच्या वर्षी याच वह्या तपासताना एका मुलीने विचारलं, "बाई, काल तुम्ही पण स्टँडवर वडापाव घेत होता ना?" वर्ग हसला. मीही हसले, पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. कारण ती खरंच बोलत होती. शाळा सुटल्यावर माहिती भरायची, एस.टी. पकडायची, घरी पोचायला सात वाजतात. आठवड्यातून दोनदा तरी मी माझ्या मुलाला झटपट नूडल्स करून देते. आणि सकाळी दुसऱ्यांच्या मुलांना सांगते, बाहेरचं खाऊ नका!

त्याच महिन्यात माता-पालक सभा होती. विषय 'मुलांचा आहार'. मी नेहमीचं भाषण सुरू केलं. आया खाली मान घालून ऐकत होत्या. आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात आहे, बहुतेक जणी शेतात रोजाने जाणाऱ्या. मध्येच एक आई बोलली, "बाई, मी सहाला टोमॅटो तोडायला जाते. सासू आजारी. पोरीच्या हातावर धा रुपये ठेवते. वाईट हाय म्हणताय, तर असंल वाईट. पण नक्की काय वाईट हाय, ते सांगा की."

डी.एड. होऊन मला बारा वर्षं झाली. पण त्या प्रश्नाचं नीट उत्तर माझ्याकडे नव्हतं. 'वाईट' एवढंच माहीत होतं. मी म्हटलं, "पुढच्या सभेला घरातली रिकामी पाकिटं घेऊन या. आपण सगळ्या मिळून बघू."

तेवीस पाकिटं आली. चिप्स, कुरकुरीत नळ्या, क्रीमची बिस्किटं, नूडल्स, सरबताची पावडर. सतरंजीवर मांडली आणि सगळी उलटी केली. पुढच्या बाजूला टोमॅटो, गाजर, हसणारं मूल. मागच्या बाजूला मुंगीएवढी अक्षरं, तीही इंग्रजीत. इथेच पहिला अडथळा आला. आपल्याकडच्या नियमानुसार ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत दिली की पुरते. मराठीत द्यायची सक्ती नाही. म्हणजे जी आई पैसे मोजते, तिलाच ते वाचता येत नाही. म्हणून आम्ही चौथीतली मुलं बोलावली. मुलं अक्षरं लावायची, मी अर्थ सांगायचे, आया शेरे मारायच्या.

तुम्हालाही उपयोगी पडतील, म्हणून त्या दिवशी शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. एका बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, मग साखर, मग पामतेल, असा क्रम निघाला. पुढच्या बाजूला मोठ्ठं लिहिलेलं दूध यादीत पार शेवटाकडे होतं. "पोरास्नी दुधाचं म्हणून देत हुते की मी!" एक आजी म्हणाल्या.

दुसरी, साखर नाव बदलून येते. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज ही तिचीच भावंडं.

तिसरी, आकडे बहुधा १०० ग्रॅमला दिलेले असतात, पाकीट मात्र कमीजास्त वजनाचं असतं. म्हणून गणित करावं लागतं. आमच्यातलं नूडल्सचं पाकीट ७० ग्रॅमचं होतं आणि १०० ग्रॅमला सोडियम १२०० मिलिग्रॅम. सातवीत शाळा सुटलेल्या एका आईने फळ्यावर हिशेब मांडला : १२०० गुणिले ७० भागिले १००, म्हणजे ८४० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, म्हणजे सुमारे २.१ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता नाही. लहान मुलांना त्याहून कमी. एका पाकिटात दिवसाचं निम्म्याच्या जवळ मीठ! मी गप्प उभी होते. ते पाकीट माझ्याच घरातलं होतं.

चौथी, १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक. तो पाकिटावर असलाच पाहिजे. 'फूड सेफ्टी कनेक्ट' या ॲपवर तो टाकून तपासता येतो, तिथे तक्रारही करता येते. तेवीसपैकी दोन पाकिटांवर हा क्रमांकच नव्हता. दोन्ही पाच रुपयांची, झगझगीत रंगाची.

हे झालं पाकिटाचं. पण तीच टोमॅटोवाली आई म्हणाली, "वड्याला कुठं पाकीट अस्तंय? त्याचं मागचं कसं वाचायचं?"

वड्याचं मागचं म्हणजे कढई. तळून तळून बिघडलेल्या तेलासाठीही आपल्याकडे नियम आहे. तेलात तयार होणाऱ्या टोटल पोलर कंपाउंड्सचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण डोळे आणि नाक असतं. तेल काळपट, चिकट झालंय का, फेस येतोय का, लवकर धूर धरतंय का, खवट वास येतोय का. आणि कागद. छापील वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांनी मनाई आहे, कारण शाईतली रसायनं गरम, तेलकट पदार्थाला लागतात. आपण मात्र वडा त्याच कागदात दाबून तेल टिपतो.

पाच आया आणि मी स्टँडवर गेलो. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत असा २०२० चा नियम आहे. पण मावशींचा गाडा बराच लांब होता. नियम दाखवून काही होणार नव्हतं, आणि मला ते करायचंही नव्हतं. त्यांचा नातू आमच्याच शाळेत दुसरीत आहे.

मावशी चिडल्या. "बारा वर्षं वडं तळते. कुणाचं पोट दुखलं? आता माझं पोट मारायला आलाय व्हय?" एक आई परत फिरली. मलाही वाटलं, आपण चुकलो. पोट भरायला उन्हात उभी राहिलेली बाई, आणि आपण तिची परीक्षा घेतोय.

तेव्हा टोमॅटोवाली आई पुढं झाली. म्हणाली, "मावशे, तुझा नातू बी हेच खातुया. आमी बंद कर म्हणत न्हाई. काय परवडंल आन् काय न्हाई, तेवढं सांग."

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग कढई दाखवली. तेल काळं होतं. रोज उरलेल्यात नवीन ओतायचं, कढई कधी रिकामी करायचीच नाही. "तेलाचा भाव काय हाय ठावं हाय का? फेकून दिलं तर काय उरतंय मला?" तिथेच उभ्याउभ्या हिशेब झाला. कढई लहान घ्यायची, म्हणजे रात्री तेल कमी उरतं. उरलेलं दुसऱ्या दिवशीच्या कढईत घालायचं नाही. कागदाऐवजी द्रोण. आणि बारा रुपयांचा वडापाव पंधराला.

या तीन रुपयांवरून गावात आठवडाभर वाद झाला. जिची तीन पोरं, तिला एका वेळी नऊ रुपये जास्त. एक आई मला तोंडावर म्हणाली, "बाई, तुमचं ज्ञान आमाला म्हागात पडलं." तिचं चूक नव्हतं. मी तिला उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतं. चांगलं तेल महाग पडतं, आणि तो खर्च शेवटी कुणाच्या तरी पदरातून जातो, हे मी माझ्या निबंधात कधी शिकवलंच नव्हतं.

आज काय स्थिती आहे? मावशींचा गाडा चालू आहे. द्रोण टिकले. तेल बहुतेक दिवस पिवळं दिसतं, कधी कधी नाही. टोमॅटोवाली आई परवा भेटली. म्हणाली, "तीन दिस शेंगदाणं-गूळ देते, तीन दिस पाकीट. खोटं कशाला बोलू?" मी सांगितलं, माझ्याकडेही नूडल्स बंद नाहीत. महिन्यातून दोनदा करते, मसाल्याची पुडी अर्धीच टाकते आणि घरातल्या भाज्या घालते.

पालकांनो, आज रात्री घरातलं एक पाकीट उलटं करा आणि मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. शिक्षकहो, 'शाप की वरदान' यंदा राहू द्या. त्याऐवजी 'माझ्या खाऊच्या पाकिटामागे काय लिहिले आहे?' हा विषय देऊन बघा. माझ्या वर्गाने लिहिला. यावेळी कुणाचाच निबंध दुसऱ्यासारखा नव्हता. त्या वडापाववाल्या मुलीने तर शेवटी लिहिलंय, "आमच्या बाईंना पण हे आधी माहीत नव्हते."

मी खाली 'बरोबर' असं लिहून सही केली.