व्हिएन्नातले पाच ठोके

व्हिएन्नाला जाणारा मनुष्य राजवाडे पाहतो, ऑपेराच्या पायऱ्यांवर छायाचित्र काढून घेतो आणि कॉफी पिऊन परत येतो. हे सारे मीही केले. पण माझे खरे काम होते नाशमार्क्ट या बाजाराशेजारी. तेथे ‘थिएटर आन डेर वीन’ हे नाट्यगृह आहे. वीन नदीकाठचे नाट्यगृह, असा नावाचा अर्थ; नदी मात्र आता तेथे रस्त्याखाली दडली आहे. माझी मुलगी या शहरात शिकते. तिला बरोबर घेऊन एका संध्याकाळी मी तेथे जाऊन उभा राहिलो.

२३ डिसेंबर १८०६ रोजी बीथोव्हेनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो प्रथम वाजला तो येथे. कॉन्चेर्टो म्हणजे एक वादक आणि सारा वाद्यवृंद यांचा संवाद. वादक होता फ्रान्त्स क्लेमेंट, वय वर्षे सव्वीस. रचना इतक्या उशिरा हाती आली की त्याला सरावाला वेळच मिळाला नाही, असे सांगतात. पुढे ती जवळजवळ अडगळीत पडली. १८४४ साली लंडनला मेंडेल्सोनच्या संचालनाखाली योआखिम नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने ती वाजवली, तेव्हा कुठे तिचे भाग्य उजळले.

या कॉन्चेर्टोवरून आमच्या घरात भांडणे झाली आहेत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांच्याकडे एकच विलायती तबकडी होती: यहुदी मेन्यूहिनने १९५३ साली फुर्टव्हेंगलरच्या संचालनाखाली वाजवलेली. मेन्यूहिन १९५२ साली भारतात आला आणि दुष्काळनिधीसाठी त्याने कार्यक्रम केले, एवढ्यावरच तो अण्णांना घरचा वाटे. मी एम. ए.ला असताना मला हायफेट्झ सापडला. १९४० साली तोस्कानिनीबरोबर केलेले त्याचे ते वादन! एक स्वर इकडचा तिकडे नाही, चाल अशी की घोडा उधळतो आहे पण लगाम सुटत नाही. मी घरी येऊन जाहीर केले, “अण्णा, तुमचा मेन्यूहिन दमलेला वाटतो.”

अण्णा वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, “घाई कुणाला आहे?”

मला ते उत्तर वाटलेच नाही. सगळे स्वर लिहून ठेवलेले असताना संथपणाला गुण का म्हणावे? मी पुष्कळ वाद घातला. अण्णा तबकडी पुसून पाकिटात ठेवत. हा वाद मिटवायचा राहून गेला आणि अण्णाही गेले.

नाट्यगृहासमोर मुलीला मी हे सांगितले, तर ती हसली. “बाबा, तुमचा हायफेट्झ मला पॉलिश केलेल्या फर्निचरसारखा वाटतो,” ती म्हणाली. तिची आवडती पात्रित्सिया कोपाचिन्स्काया, मोल्दोव्हात जन्मलेली, व्हिएन्नातही शिकलेली, पुष्कळदा अनवाणी वाजवणारी. मला राग आला. तो राग ओळखीचा वाटला, म्हणून गप्प बसलो.

बाकावर बसून आम्ही तिच्या फोनची एकेक दोरी कानाला लावली. आरंभी नगाऱ्याचे चार हलके ठोके, पाचव्यावर सनईच्या कुळातली वाद्ये. त्यानंतर सुमारे तीन मिनिटे व्हायोलिन गप्प असते. मग ते शिडी चढत वर येते. भागाच्या शेवटाकडे एक जागा अशी येते की वाद्यवृंद थांबतो आणि वादक एकटा बोलतो. तिला कादेन्झा म्हणतात. बीथोव्हेनने व्हायोलिनसाठी ती जागा कोरीच ठेवली. मेन्यूहिन तेथे याच व्हिएन्नात जन्मलेल्या क्राइस्लरची रचना वाजवतो. पण बीथोव्हेनने हाच कॉन्चेर्टो पुढे पियानोसाठी बदलून लिहिला, त्यात कादेन्झा आहे आणि तीत नगारेही आहेत. कोपाचिन्स्कायाने ती व्हायोलिनवर आणली. तिच्या आधी व्हिएन्नाच्याच श्नायडरहाननेही आणली होती. नगारे पुन्हा वाजू लागले तेव्हा मी दचकलो. फर्निचर खरोखरच हलले!

वर्गात एकच ओवी मी दहा मुलांकडून वाचून घेतो. अक्षरे तीच, पण कोण कुठे थांबतो, यावर अर्थ फिरतो. वर्षानुवर्षे मुलांना हे सांगणाऱ्या मास्तराला घरच्या तबकडीत ते ऐकू आले नव्हते.

मग मुलीने न विचारता मेन्यूहिन लावला. पहिल्या भागाच्या मध्यावर व्हायोलिन एकाएकी उदास स्वरात शिरते. हायफेट्झ तेथून मान ताठ ठेवून जातो. मला अजूनही ते आवडते. मेन्यूहिन मात्र तेथे पाऊल अडखळावे तसा मंदावतो. ज्यू असूनही युद्धानंतर टीका सोसून तो या जर्मन संचालकाच्या शेजारी उभा राहिला होता. तो दमलेला नव्हता. तो समोरच्याचे ऐकत होता.

अण्णांच्या उत्तराला मी उत्तर मानले नव्हते, ते हे होते.

अंधार पडला होता, बाजार आवरत होता. “शेवटची गाडी चुकेल, बाबा,” मुलगी म्हणाली. मी म्हणालो, “दुसरा भाग होऊ दे.” तिने घड्याळ पाहिले आणि पुन्हा बसली.

घरी परतल्यावर पहिले काम केले ते ग्रामोफोनची सुई बदलण्याचे. तबकडी जरा खरखरते. आता ती पुसून पाकिटात मी ठेवतो.